कप्पा आणि कुलूप: ‘क्लासिफाय’ या क्रियापदाची दोन कामं

इंग्रजी वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर ‘क्लासिफाइड्स’ असं ठळक अक्षरांत छापलेलं असतं. खाली भाड्याने द्यायची खोली, विकायची स्कूटर, वधू पाहिजे, वर पाहिजे, नावात बदल, हरवलेलं मार्कशीट. सगळ्या गावाला कळाव्यात म्हणून पैसे मोजून छापलेल्या गोष्टी. त्याच अंकाच्या पहिल्या पानावर बातमी असते, की संरक्षण खात्याचे ‘क्लासिफाइड’ कागद फुटले आणि चौकशी लागली. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारी मुलं इथे हमखास अडतात. जगजाहीर जाहिरातीला आणि कुणाच्याही नजरेस पडू नये अशा कागदाला एकच शब्द कसा चालतो?

प्रश्न रास्त आहे. ‘इंग्रजीत असंच असतं, पाठ करा’ हे उत्तर देऊन मुलांना गप्प करण्याची पद्धत मला अजिबात पटत नाही. या शब्दाला इतिहास आहे, त्याचं व्याकरण सुसंगत आहे, आणि ते समजलं की सरकारी कागदावरचा शिक्का वेगळ्या नजरेने वाचता येतो.

1. आधी कप्पे, मग वस्तू

‘क्लासिफाय’ हे क्रियापद इंग्रजीत आलं अठराव्या शतकाच्या अखेरीस, फ्रेंचमधून. त्याच्या मुळाशी लॅटिन ‘क्लासिस’ आहे. रोमन परंपरेप्रमाणे सर्व्हियस टुलियस राजाने नागरिकांचे मालमत्तेनुसार वर्ग पाडले आणि कुठल्या वर्गाने लढाईला कोणतं शस्त्र घेऊन यायचं ते ठरवलं. त्या वर्गाला ‘क्लासिस’ म्हणत. म्हणजे या शब्दाचा लष्कराशी संबंध फार जुना आहे. अर्थात गुप्ततेचा अर्थ तिथून आला नाही. तो फार नंतरचा.

पहिला अर्थ सरळ आहे: काही तत्त्व ठरवून वर्ग पाडणं आणि वस्तू त्या वर्गात बसवणं. पण हे काम सांगायला इंग्रजीत ‘सॉर्ट’ही आहे. मग फरक काय? तो पोस्टात स्वच्छ दिसतो.

15 ऑगस्ट 1972 रोजी देशात पिन कोड सुरू झाला. ही पद्धत आखली श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी. ते केंद्र सरकारच्या दळणवळण मंत्रालयात वरिष्ठ अधिकारी होते आणि संस्कृतचे नामांकित पंडित, नाटककारही होते. त्यांच्यापुढचा प्रश्न असा होता, की एकाच नावाची गावं देशभर आहेत, पत्ते निरनिराळ्या लिप्यांत लिहिलेले असतात, आणि पत्र तर योग्य ठिकाणी गेलंच पाहिजे. त्यांनी सहा आकडी क्रमांक योजला. 411030 घ्या. पहिला 4 म्हणजे महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड यांचा विभाग. पहिले दोन आकडे, 41, म्हणजे उपविभाग. पहिले तीन, 411, म्हणजे पुण्याचा सॉर्टिंग जिल्हा. उरलेले 030 म्हणजे सदाशिव पेठेचं टपाल कार्यालय. गोव्यासाठी पहिले तीन आकडे 403 आणि मुंबईसाठी 400. पहिला आकडा 9 असेल तर ते लष्करी टपाल.

वेलणकरांनी जे केलं ते ‘क्लासिफाय’. कुठे रेघ ओढायची, कुठला भाग कुणात मोडतो, विभागाखाली उपविभाग किती, हे त्यांनी ठरवलं. रात्रपाळीला आर.एम.एस.च्या, म्हणजे रेल्वे टपाल सेवेच्या, कचेरीत उभा राहून जो कर्मचारी पत्रामागून पत्र उचलून खणात टाकतो, तो करतो ते ‘सॉर्ट’. खण त्याने ठरवलेले नसतात. ते आधीच तयार असतात. त्याचं कौशल्य वेगात आणि अचूकपणात. म्हणून पोस्टातल्या पदाचं नावही ‘सॉर्टिंग असिस्टंट’ आहे.

अर्थात रोजच्या वापरात ही सीमा इतकी काटेकोर पाळली जात नाही. ग्रंथपाल आलेलं पुस्तक तयार पद्धतीत बसवतो तेव्हाही ‘क्लासिफाय’च म्हणतात, कारण तिथे प्रत्येक पुस्तकापाशी थांबून विचार करावा लागतो. मेल्विल ड्युई यांची दशांश पद्धत 1876 पासून चालू आहे. तिच्यात खगोलशास्त्राला 520 आणि मराठी साहित्याला 891.46. जयंत नारळीकरांचं खगोलशास्त्रावरचं पुस्तक 520च्या आसपास जाईल आणि त्यांची मराठी विज्ञानकथा 891.463 वर, कारण शेवटचा 3 कथा-कादंबरीचा. लेखक एक, विषयही बराचसा एक, आणि कपाटं दोन. इथे डोळे मिटून खणात टाकून चालत नाही. पुस्तक आधी चाळावं लागतं. कुणीतरी विचार करून वर्ग ठरवणं, हा या क्रियापदाचा गाभा आहे. पुढे गुप्ततेच्या अर्थातही तो तसाच राहतो.

2. शेजारची क्रियापदं आणि शब्दयोगी अव्ययांची अडचण

‘ग्रुप’ म्हणजे नुसतं एकत्र करणं. ‘कॅटेगराइझ’ अर्थाने ‘क्लासिफाय’च्या अगदी जवळ, पण ते माणसं, मतं, तक्रारी यांच्याबद्दल जास्त येतं, तर ‘क्लासिफाय’ शास्त्र, ग्रंथालय आणि कायदा यांत जास्त. ‘ग्रेड’ मात्र वेगळं आहे. त्यात वर-खाली आहे. वाशीच्या बाजारात हापूसची प्रतवारी करतात ती ‘ग्रेड’: मोठं फळ असेल तर पेटीत चार-पाच डझनच बसतात, लहान असेल तर सात-आठ डझन, आणि भाव त्यावर ठरतो. हापूस आणि पायरी वेगळे काढले तर ते ‘सॉर्ट’ किंवा ‘क्लासिफाय’; हापूसमध्येच पहिला नंबर, दुसरा नंबर लावला तर ते ‘ग्रेड’. हा फरक लक्षात असू द्या. सरकारी गुप्ततेला नाव मिळालं ‘क्लासिफाय’चं, पण काम बरंचसं ‘ग्रेड’चं आहे.

आता वाक्यरचना. किती वर्ग पाडले ते सांगायचं असेल तर ‘इनटू’ लागतं: ‘शी क्लासिफाइड द सॉइल्स इनटू फोर टाइप्स.’ एखादी गोष्ट कशात मोडते ते सांगायचं असेल तर ‘अ‍ॅज’: ‘द टोमॅटो इज क्लासिफाइड अ‍ॅज अ फ्रूट.’ कोणत्या मथळ्याखाली ठेवली ते सांगायला ‘अंडर’: ‘धिस बुक इज क्लासिफाइड अंडर हिस्टरी.’ आणि कोणत्या कसोटीने, ते सांगायला ‘बाय’ किंवा ‘अकॉर्डिंग टू’. मराठीत ‘चार प्रकारांत’ आणि ‘फळांत’ दोन्हीकडे एकाच ‘त’ प्रत्ययाने भागतं, त्यामुळे आपल्याकडून ‘क्लासिफाइड इन फोर टाइप्स’ लिहिलं जातं. परीक्षेत तिथे गुण जातात.

‘अ‍ॅज’ची रचना तेवढी लक्षात ठेवा. पुढची सगळी गंमत तिथेच आहे.

3. शिक्का कधी पडला

पहिल्या महायुद्धात, 1917 साली, अमेरिकी सैन्य फ्रान्समध्ये उतरलं. शेजारी फ्रेंच आणि ब्रिटिश फौजा होत्या, आणि त्यांच्या कागदांवर कुणी काय वाचावं याच्या खुणा असत. अमेरिकी सैन्याच्या मुख्यालयाने ती पद्धत उचलली आणि कागदांवर ‘सीक्रेट’, ‘कॉन्फिडेन्शियल’ असे शिक्के मारायचा हुकूम काढला. 22 मार्च 1940 रोजी अध्यक्ष रूझवेल्ट यांच्या 8381 क्रमांकाच्या आदेशाने लष्कर आणि नौदलाच्या ‘सीक्रेट’, ‘कॉन्फिडेन्शियल’, ‘रिस्ट्रिक्टेड’ शिक्क्यांना अध्यक्षांच्या अधिकाराचं पाठबळ मिळालं. ब्रिटिशांकडे सर्वांत वरचा शिक्का ‘मोस्ट सीक्रेट’ असा होता. दोस्त फौजांचे कागद एकमेकांकडे जाऊ लागल्यावर 1944 मध्ये दोन्हीकडे ‘टॉप सीक्रेट’ हे एकच नाव ठरलं. 1951 मध्ये ट्रुमन यांनी ही पद्धत लष्कराबाहेरच्या खात्यांनाही लागू केली आणि 1953 मध्ये आयझेनहॉवर यांनी ‘रिस्ट्रिक्टेड’ हा खालचा वर्ग काढून टाकला. तेव्हापासून अमेरिकेत तीन वर्ग आहेत.

हे वर्ग कशावरून ठरतात? कागद फुटला तर राष्ट्रीय सुरक्षेचं किती नुकसान होईल यावरून. ‘नुकसान’ होईल तर कॉन्फिडेन्शियल, ‘गंभीर नुकसान’ होईल तर सीक्रेट, ‘अपवादात्मक गंभीर नुकसान’ होईल तर टॉप सीक्रेट. ब्रिटनने एप्रिल 2014 पासून ऑफिशियल, सीक्रेट, टॉप सीक्रेट असे तीनच वर्ग ठेवले. भारतात चार आहेत: टॉप सीक्रेट, सीक्रेट, कॉन्फिडेन्शियल आणि रिस्ट्रिक्टेड. ते येतात खातेनिहाय सुरक्षा सूचनांमधून. ज्या कायद्याखाली शिक्षा होते तो 1923 चा ऑफिशियल सीक्रेट्स अ‍ॅक्ट. त्या कायद्यात ‘सीक्रेट’ म्हणजे काय याची व्याख्याच नाही.

वर्ग पाडण्यात कुलूप कसं शिरतं ते पाहायला लग्नघरातली कोठीची खोली आठवा. चार दिवस आधी सामान येतं. तांदूळ एका कोपऱ्यात, गूळ-साखर दुसऱ्या, भाज्या दाराशी, आणि काजू, बदाम, साजूक तूप कपाटात. कपाटाला कुलूप, किल्ली आत्याच्या कमरेला. सामान लावणाऱ्यांनी वर्ग पाडले ते जागा ठरवायला. पण वर्ग पाडल्याबरोबर आणखी एक गोष्ट ठरून गेली: कशाला कुणी हात लावायचा. भाजी कुणीही उचलावी, तुपाला आत्याला विचारावं. वर्ग पाडणं हे काम वेगळं आणि कुलूप लावणं हे वेगळं, पण कुठल्या वर्गाला कुलूप हे एकदा ठरलं की ‘तूप कपाटात ठेव’ एवढं म्हटलं तरी किल्लीचा अर्थ त्यात आपोआप येतो. सरकारी कचेरीत ‘क्लासिफाय’चं नेमकं हेच झालं.

4. ‘तुझी कॅटेगरी आहे का?’

आता ती ‘अ‍ॅज’ची रचना. पूर्ण वाक्य असं होतं: ‘द रिपोर्ट वॉज क्लासिफाइड अ‍ॅज सीक्रेट.’ अहवाल ‘सीक्रेट’ या वर्गात घातला गेला. इथे क्रियापदाचा अर्थ अजून जुनाच आहे, वर्गात घालणं. गुप्तपणा ‘सीक्रेट’ या शब्दात आहे. पण युद्धकाळात हे वाक्य दिवसातून शंभरदा बोललं जायचं, आणि ऐकणाऱ्याला कागद कुठल्यातरी गुप्त वर्गातला आहे एवढंच कळलं तरी पुरे असायचं. मग शेपूट गळालं. ‘द रिपोर्ट इज क्लासिफाइड.’ गळालेल्या शब्दांचा अर्थ उरलेल्या क्रियापदाने पोटात घेतला. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हा अर्थ इतका पक्का झाला, की ‘अ‍ॅज’ नसेल आणि बोलणं सरकारी कागदाबद्दल असेल, तर गुप्त हाच अर्थ पहिल्यांदा मनात येतो.

हे परक्या भाषेचं खूळ वाटेल, पण आपण हेच करतो. अकरावीच्या किंवा इंजिनिअरिंगच्या प्रवेशाच्या रांगेत पालक एकमेकांना विचारतात, ‘तुमचं ओपन की कॅटेगरी?’ शब्दशः पाहिलं तर ‘ओपन’ हीसुद्धा एक कॅटेगरीच आहे. फॉर्मवरच्या त्या रकान्यात प्रत्येकाला काहीतरी लिहावंच लागतं. पण ‘रिझर्व्ह्ड कॅटेगरी’ पुन्हा पुन्हा म्हणता म्हणता ‘रिझर्व्ह्ड’ गळालं आणि ‘कॅटेगरी’ या एकट्या शब्दाचा अर्थ आरक्षित प्रवर्ग असा झाला. ‘त्याचं कॅटेगरीतून झालं’ हे वाक्य महाराष्ट्रात कुणालाही समजावून सांगावं लागत नाही. ‘क्लासिफाइड’ची घडण अगदी याच वळणाची आहे.

ही घडण कळली की ‘अनक्लासिफाइड’ या शब्दाचा गुंता सुटतो. त्याचे दोन अर्थ आहेत. ग्रंथालयात ‘अनक्लासिफाइड बुक्स’ म्हणजे अजून वर्ग न लावलेली, ढिगात पडलेली पुस्तकं. सरकारी कागदावर ‘अनक्लासिफाइड’ म्हणजे तपासून पाहिला आणि गुप्त नाही असं ठरवलं. पहिल्यात निर्णय व्हायचा आहे, दुसऱ्यात झाला आहे. अमेरिकी गुप्त अहवालात प्रत्येक परिच्छेदाच्या आरंभी कंसात खूण असते: टॉप सीक्रेटसाठी टीएस, सीक्रेटसाठी एस, कॉन्फिडेन्शियलसाठी सी, आणि यू. हा ‘यू’ म्हणजे अनक्लासिफाइड. टॉप सीक्रेट शिक्क्याच्या अहवालातसुद्धा पाच-सहा परिच्छेद ‘यू’ असू शकतात. गावाचं नाव, नदीची लांबी, असं नकाशात कुणालाही दिसणारं काही. म्हणजे ‘अनक्लासिफाइड’ हाही पाडलेला वर्गच.

‘डिक्लासिफाय’चा अर्थ मात्र एकच आहे, गुप्ततेचा शिक्का उतरवणं. पुस्तक कपाटातून काढून पुन्हा ढिगात टाकलं तर त्याला कुणी ‘डिक्लासिफाय’ म्हणत नाही. हे क्रियापद गुप्ततेच्या अर्थातूनच जन्मलं, त्याला जुन्या अर्थाचं ओझं नाही. ‘रीक्लासिफाय’ दोन्हीकडे चालतं: वर्ग बदलणं, किंवा खुला केलेला कागद पुन्हा बंद करणं. आणि ‘ओव्हरक्लासिफाय’ म्हणजे गरजेपेक्षा वरचा शिक्का मारणं.

जाहिरातींचं उत्तर आता दोन ओळींत देता येतं. त्या ‘क्लासिफाइड अ‍ॅडव्हर्टाइझमेंट्स’: जागा, वाहनं, विवाह, नोकरी अशा मथळ्यांखाली लावलेल्या. तिथे ‘अ‍ॅडव्हर्टाइझमेंट्स’ गळालं आणि ‘क्लासिफाइड्स’ हे नाम उरलं. एकाच कृदंताची दोन वेगवेगळी शेपटं गळाली आणि आपल्या हाती दोन सारखे दिसणारे शब्द आले.

मराठी बातम्यांत अलीकडे ‘वर्गीकृत दस्तऐवज’ असं छापलेलं दिसतं. तिथे ‘गोपनीय’च लिहायला हवं. मराठीत ‘वर्गीकृत’ने गुप्ततेचा अर्थ कधी घेतलेला नाही, आणि वाचकाला त्यातून काहीच कळत नाही.

5. लपवण्याची इतर क्रियापदं

‘क्लासिफाय’चा सूर ओळखायचा असेल तर त्याला इतर लपवण्याच्या क्रियापदांशेजारी उभं करावं.

‘हाइड’ साधं, घरगुती. ‘कन्सील’ जड, आणि त्याला हेतू चिकटलेला. प्राप्तिकराच्या भाषेत उत्पन्न दडवणं म्हणजे ‘कन्सीलमेंट ऑफ इन्कम’. ‘सप्रेस’मध्ये दाबण्याचा जोर आहे. बातमी, पुरावा, अहवाल ‘सप्रेस’ होतो. प्रतिज्ञापत्रात महत्त्वाची गोष्ट सांगितली नाही, तर ‘सप्रेशन ऑफ मटेरियल फॅक्ट्स’ असा आरोप होतो. ‘विथहोल्ड’ म्हणजे देणं असलेली गोष्ट हातात धरून ठेवणं. आपल्याकडे विद्यापीठ निकाल राखून ठेवतं, तो ‘रिझल्ट विथहेल्ड’. निकाल तयार असतो, विद्यार्थ्याचा त्यावर हक्क असतो, पण फी किंवा कागद बाकी म्हणून तो दिला जात नाही. ‘रिडॅक्ट’ म्हणजे कागद द्यायचा, पण त्यातल्या काही ओळी काळ्या करून.

या क्रियापदांचं व्याकरण एका बाबतीत मराठीला सोयीचं आहे. ‘टेल’ आणि ‘गिव्ह’ना दोन कर्मं चालतात: ‘ही टोल्ड मी द न्यूज.’ लपवण्याच्या क्रियापदांना ती रचना चालत नाही. तिथे ‘फ्रॉम’ यावं लागतं: ‘ही हिड द न्यूज फ्रॉम मी’, ‘दे विथहेल्ड द रिपोर्ट फ्रॉम द फॅमिली.’ मराठीतही आपण ‘मला सांगितलं’ पण ‘माझ्यापासून लपवलं’ असंच म्हणतो. ‘पासून’ आलं की ‘फ्रॉम’ घाला, चूक होणार नाही.

आणि हे ‘फ्रॉम’ महत्त्वाचं का? कारण त्याच्यापुढे माणूस येतो. ‘हाइड’, ‘कन्सील’, ‘विथहोल्ड’ वापरलं की वाक्यात, उघड नसलं तरी अध्याहृत, एक लपवणारा असतो आणि एक ज्याच्यापासून लपवलं तो असतो. ‘क्लासिफाय’ला ‘फ्रॉम’ लागत नाही. ‘द रिपोर्ट इज क्लासिफाइड.’ कुणापासून? वाक्य सांगत नाही. कुणी केला? कर्मणी प्रयोगामुळे तेही सांगायची गरज नाही. ग्रंथालयाच्या कपाटातून उचललेला हा शब्द तिथला शांत, नियमबद्ध सूर सोबत घेऊन आला. ‘अहवाल दडपला’ म्हटलं तर लोक चिडतात. ‘अहवाल क्लासिफाइड आहे’ म्हटलं तर तो त्याचा मूळचा गुण आहे असं वाटतं, जसा दगड कठीण असतो तसा. पण कागद गुप्त जन्मत नाही. तो एका माणसाने, एका दिवशी, एका अधिकारात गुप्त ठरवलेला असतो.

6. सीआर: दोन्ही अर्थ एकाच कागदावर

सरकारी नोकरीतल्या मराठी माणसाला हा विषय वेगळ्या नावाने पक्का माहीत आहे. सीआर. कॉन्फिडेन्शियल रिपोर्ट, म्हणजे गोपनीय अहवाल. साहेब वर्षअखेरीला हाताखालच्या माणसाची प्रत ठरवायचे, आणि ती त्या माणसाला दाखवायचे नाहीत. ‘सीआर खराब झाला’ या तीन शब्दांनी किती घरांत जेवणं कडू झाली असतील. वर्ग पाडणं आणि कुलूप लावणं, दोन्ही कामं एकाच कागदावर.

नियम असा होता, की शेरा प्रतिकूल असेल तरच कर्मचाऱ्याला कळवायचा. बॉर्डर रोड्सच्या सेवेतल्या एका कार्यकारी अभियंत्याचं प्रकरण या नियमाला भिडलं. बढतीसाठी सलग पाच वर्षं ‘व्हेरी गुड’ हवं होतं. त्यांना 1993-94 या एका वर्षी नुसतं ‘गुड’ मिळालं होतं. ‘गुड’ हा शेरा प्रतिकूल नाही, म्हणून तो त्यांना कळवला नाही. आणि त्याच शेऱ्यामुळे त्यांची बढती हुकली. ‘देव दत्त विरुद्ध भारत सरकार’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मे 2008 मध्ये सांगितलं, की शेरा चांगला असो, वाईट असो वा मधला, प्रत्येक नोंद कर्मचाऱ्याला कळवली पाहिजे. ‘गुड’ हा शब्द कानाला कसा लागतो याला महत्त्व नाही, त्याचा परिणाम काय होतो याला आहे.

मला हा निकाल फार मोलाचा वाटतो. ज्याची प्रत लावली त्याच्यापासूनच प्रत लपवली तर त्याला दाद कुठे मागायची हेच कळत नाही. वर्ग चुकीचा पाडला असेल आणि वर कुलूपही असेल, तर चूक दुरुस्त व्हायला वाटच राहत नाही.

7. कुणी, का, कधीपर्यंत

आज अमेरिकेत लागू असलेला या विषयावरचा मुख्य आदेश 13526 क्रमांकाचा, 29 डिसेंबर 2009 चा, अध्यक्ष ओबामांच्या काळातला. त्याप्रमाणे गुप्त कागदाच्या पहिल्या पानावर एक चौकट हवी. तिच्यात तीन ओळी: ‘क्लासिफाइड बाय’, म्हणजे ठरवणाऱ्याचं नाव वा ओळखक्रमांक आणि पद, ‘रीझन’, म्हणजे कारण, ‘डिक्लासिफाय ऑन’, म्हणजे शिक्का कधी उतरणार ती तारीख. व्याकरणाच्या नजरेने पाहा. वापरात जे जे गळून पडलं होतं, कर्ता, कारण आणि काळ, ते सगळं या चौकटीने क्रियापदाला परत जोडलं.

त्याच आदेशात एक मनाई आहे. कायद्याचा भंग, अकार्यक्षमता किंवा प्रशासकीय चूक ‘कन्सील’ करण्यासाठी कोणतीही माहिती ‘क्लासिफाय’ करता येणार नाही. कुणाची नामुष्की टाळण्यासाठीही नाही. दोन्ही क्रियापदं एकाच कलमात, आणि दोघांमधली रेघ इतकी ठसठशीत. त्या आदेशात असंही आहे, की गुप्त ठेवायची गरज आहे का याबद्दल बरीच शंका असेल तर शिक्का मारायचा नाही, आणि कुठला शिक्का याबद्दल शंका असेल तर खालचा मारायचा.

आपल्याकडे हे काम माहिती अधिकाराने केलं. गोव्याने 1997 मध्ये आणि महाराष्ट्राने 2002 मध्ये आपापला कायदा केला, आणि 2005 मध्ये देशाचा कायदा आला. त्याच्या 8व्या कलमात माहिती नाकारण्याची कारणं मोजून दिली आहेत. कागदावर शिक्का आहे, हे त्यातलं कारण नाही. शिक्का असला तरी त्या कारणांपैकी एखादं लागू पडतं हे दाखवावं लागतं. 22व्या कलमाने हा कायदा 1923 च्या कायद्यावर वरचढ ठरवला. 10व्या कलमाने कागदाचा देता येण्यासारखा भाग वेगळा काढून द्यायची सोय केली, म्हणजे ‘रिडॅक्ट’. आणि असा अर्धा कागद देताना, निर्णय कुणी घेतला त्याचं नाव आणि हुद्दा अर्जदाराला कळवायचा असतो. इथेही कर्ता वाक्यात परत आला.

शिक्के उतरतातही. नेताजी सुभाषचंद्र बोस यांच्याबद्दलच्या 64 फाइली पश्चिम बंगाल सरकारने सप्टेंबर 2015 मध्ये खुल्या केल्या, आणि 23 जानेवारी 2016 रोजी, नेताजींच्या जयंतीला, केंद्र सरकारने 100 फाइलींच्या डिजिटल प्रती लोकांसमोर ठेवल्या.

पण काही शिक्के उतरत नाहीत. 1962 च्या चीन युद्धातल्या पराभवाची चौकशी लेफ्टनंट जनरल हेंडरसन ब्रूक्स आणि ब्रिगेडियर प्रेमिंद्र सिंग भगत यांनी केली. त्यांचा अहवाल 1963 मध्ये सादर झाला आणि त्यावर ‘टॉप सीक्रेट’ शिक्का पडला. 2010 मध्ये संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी संसदेत सांगितलं, की अहवाल अत्यंत संवेदनशील असून त्यातल्या मजकुराला आजही लष्करी कारवाईच्या दृष्टीने महत्त्व आहे. 2014 मध्ये नेव्हिल मॅक्सवेल या पत्रकाराने त्याचा बराचसा भाग इंटरनेटवर टाकला. तो लोकांनी वाचला, त्यावर लेख लिहिले गेले, वाद झाले. तरीही त्या अहवालाबद्दल इंग्रजीत ‘इट रिमेन्स क्लासिफाइड’ असं लिहिलं जात राहिलं, आणि ते चूक नव्हतं. मजकूर बाहेर पडला होता, पण ज्याला अधिकार आहे त्याने वर्ग बदलला नव्हता.